न दिलेले वचन

'तू पूर्वीचा राहिला नाहीस' हे वाक्य आपल्या बोलण्यात फार सहजपणे येते. मित्र मित्राला ते ऐकवतो, पत्नी पतीला ऐकवते, वाचक लेखकाला पत्र पाठवून कळवतो. वरवर पाहता ते एका वस्तुस्थितीचे कथन असते. परंतु ऐकणाऱ्याच्या कानी ते आरोप होऊनच पडते. बदलणे हा अपराध केव्हा ठरतो? हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, आणि त्याचा विचार करण्यासाठी मी येथे जे उदाहरण घेणार आहे ते या पृष्ठांवर काहीसे अनपेक्षित वाटेल. ते आहे इंग्लंडमधील 'पॅरडाइज लॉस्ट' या मेटल संगीताच्या बँडचे. आमच्या धर्मग्रामातील तरुण जे ऐकतात ते आपणही ऐकून पाहावे, या हेतूने मी त्याकडे वळलो. आणि या बँडच्या चाहत्यांमधील एक जुना वाद मला विचार करण्याजोगा वाटला.

यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स हे लोकरीच्या गिरण्यांवर वाढलेले शहर. तेथे १९८८ साली काही तरुणांनी हा बँड स्थापन केला. निक होम्स हा गायक, तर ग्रेगर मॅकिंटॉश हा प्रमुख गिटारवादक. १९९० साली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. खालच्या पट्टीत उतरवलेल्या गिटारी, जड व संथ लय, आणि गायन म्हणजे घशाच्या तळातून काढलेली गुरगुर. तीतले शब्दही ओळखू येऊ नयेत. सवय नसलेल्याला हा निव्वळ कोलाहल वाटेल. लक्ष देऊन ऐकणाऱ्याला मात्र त्यात शोक ऐकू येतो. ज्याला अजून भाषा सापडलेली नाही असा शोक.

पुढच्याच वर्षी, १९९१ साली, 'गॉथिक' ही ध्वनिमुद्रिका आली. गुरगुर होतीच, पण तिच्या शेजारी एक स्त्रीस्वर आणि वाद्यवृंदाची आठवण करून देणारे सूर येऊन बसले. १९९३ च्या 'आयकन'मध्ये आणि १९९५ च्या 'ड्रॅकोनियन टाइम्स'मध्ये गुरगुर मागे पडली व होम्स गाऊ लागला. १९९७ च्या 'वन सेकंड'मध्ये कीबोर्ड पुढे आला. १९९९ साली ईएमआय या बड्या कंपनीने काढलेल्या 'होस्ट'मध्ये तर मेटल जवळजवळ उरलेच नाही. मेटलवाल्यांची खूण मानले जाणारे गायकाचे लांब केसही तोवर गेले होते.

हा प्रवास ज्या दिशेने झाला तिला गॉथिक रॉक म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पंक संगीतातून ही शाखा फुटली. खोल, जवळजवळ पठण केल्यासारखा पुरुषी स्वर, पुढे असलेला बास, घुमत राहणारी गिटार आणि एकूण वातावरण सायंकाळचे. 'सिस्टर्स ऑफ मर्सी' हा या शाखेचा एक नामांकित बँड हॅलिफॅक्सच्या शेजारच्या लीड्स शहरातलाच. म्हणजे आमच्या तरुणांनी हा नवा सूर दूरच्या बाजारातून आणला नव्हता; तो त्यांच्या परिसरातच घुमत होता.

'गॉथिक' या शब्दाचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. गॉथ ही रोमन साम्राज्यावर चालून आलेली जमात, इ. स. ४१० साली त्यांनी रोम लुटले. पुढे सोळाव्या शतकात इटलीतील वासारीने मध्ययुगीन वास्तुशैलीची हेटाळणी करण्यासाठी तिचा संबंध या गॉथांशी जोडला. आज त्याच शैलीतील कॅथीड्रले युरोपचे भूषण मानली जातात, आणि तिचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा मुंबईचे १८८८ साली पूर्ण झालेले बोरीबंदरचे स्थानकही उभे राहिले. ज्याला एक पिढी बिघाड म्हणते, त्याला दुसरी पिढी वारसा म्हणू शकते.

आता चाहत्यांची तक्रार पाहू. 'यांनी आम्हांला दगा दिला' असे अनेकांनी म्हटले. दगा हा शब्द गंभीर आहे. दगा होण्यासाठी आधी वचन असावे लागते. मग या बँडने कोणते वचन दिले होते? आम्ही सदैव गुरगुरत राहू, असे? तसा करार कोणी केला नव्हता. ध्वनिमुद्रिका विकत घेणाऱ्याला त्या ध्वनिमुद्रिकेवर हक्क मिळतो. पुढच्या ध्वनिमुद्रिकेवर मिळत नाही. संत थॉमस अक्वायनस तर याहून पुढे जातात. मनापासून दिलेले वचनही पाळले गेले नाही, तर वचन देणारा खोटा ठरत नाही. आणि व्यक्ती व परिस्थिती बदलल्या असतील तर त्याच्यावर अविश्वासूपणाचा दोषही येत नाही, असे ते म्हणतात. दिलेल्या वचनाबाबत ही सवलत आहे, तर न दिलेल्या वचनाबाबत काय बोलावे?

तरीही एक अलिखित वचन प्रत्येक कलावंत देतो, हे मी मान्य करतो. ते म्हणजे खरे बोलण्याचे. अठराव्या वर्षी ज्या गळ्यातून गुरगुर आपोआप निघते, त्याच गळ्यातून अठ्ठाविसाव्या वर्षी ती निघेलच असे नाही. तेव्हा ती ओढूनताणून काढली, तर तिचे सोंग होते. अशा वेळी सूर तोच ठेवणे हाच वचनभंग ठरेल.

यावर आक्षेप येतो की, हे सारे पैशासाठी झाले. मोठी कंपनी आली आणि सूर मऊ झाला. अर्थप्राप्तीची इच्छा मुळीच नव्हती, असे मी म्हणणार नाही. कलेवर पोट असलेला माणूस भाकरीचा विचार करणारच. पण 'ड्रॅकोनियन टाइम्स' यशस्वी ठरली होती. निव्वळ नफा पाहणाऱ्याने तिचीच दुसरी आवृत्ती काढली असती. हे मात्र जमलेला श्रोता गमावण्याचा धोका पत्करून पुढे गेले. हेतूंची अखेरची पारख करणे आपल्या हाती नाही. जे दिसते त्यावरून तरी लोभाचा आरोप सिद्ध होत नाही.

मग खरी वाढ आणि बिघाड यांतला भेद ओळखावा कसा? कार्डिनल न्यूमन यांनी १८४५ साली धर्मसिद्धान्तांच्या विकासासंबंधी हाच प्रश्न विचारला होता. त्यांनी दिलेल्या कसोट्यांपैकी एक येथेही उपयोगी पडते: खरी वाढ आपल्या भूतकाळाला जपते, बिघाड त्याला खोडून काढतो. या कसोटीला काळ जावा लागतो. २०१५ साली 'द प्लेग विदिन'मध्ये होम्सची गुरगुर परतली. २०२० च्या 'ऑब्सिडियन'मध्ये गुरगुर आणि गॉथिक गायन शेजारी शेजारी नांदताना दिसतात. पहिल्या सुराला त्यांनी नाकारले नव्हते, हे तेव्हा उघड झाले. मात्र १९९९ साली हे कोणालाच सांगता आले नसते. आणि निवाडा तर त्याच वर्षी दिला गेला होता.

याचा अर्थ श्रोत्याचे दुःख खोटे होते असा नाही. पंधराव्या वर्षी, घरी कोणाशी बोलता येत नसताना, ज्याला त्या गुरगुरीची सोबत मिळाली, त्याची सोबत खरोखरच गेली. त्याला हसणे निर्दयपणाचे होईल. परंतु हानी आणि अन्याय या दोन भिन्न गोष्टी आहेत. हानी झाली म्हणजे कोणी तरी अन्याय केलाच असला पाहिजे, असे मानण्याकडे दुखावलेल्या मनाचा कल असतो, कारण दोषी सापडला की दुःख सोसणे सोपे जाते. 'हा नवा सूर मला भिडत नाही' असे म्हणून बाजूला होण्याचा श्रोत्याला पूर्ण अधिकार आहे. 'तुम्ही मला फसवले' असे म्हणण्याचा अधिकार त्यातून निर्माण होत नाही.

ज्या महाकाव्याचे नाव या बँडने धारण केले, त्याच्या कर्त्यालाही हे चुकले नव्हते. मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट' १६६७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात यमक नाही म्हणून अनेक वाचक अडखळले. अखेर १६६८ साली प्रकाशकाने मिल्टनचे एक टिपण पुस्तकाला जोडले. यमक हे काव्याचे आवश्यक अंग नव्हे, असे कवीने त्यात सांगितले आहे.

आपल्या घरांतही असे निवाडे रोज होतात. मुलगा बापाचा धंदा सोडतो, बालमित्र वेगळ्या माणसांत रमतो, आयुष्यभर गप्प राहिलेली बहीण एके दिवशी बोलू लागते, आणि आपण दगा हा शब्द उच्चारून मोकळे होतो. त्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारावेत: याने मला नेमके कोणते वचन दिले होते? आणि माझे जे हरवले, ते त्याने घेतले की ते मुळात त्याचेच होते?