जिन्यावरचा आवाज

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला भाच्याकडे गेलो होतो. त्याचे बिऱ्हाड 27व्या मजल्यावर. दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच भोंगा कर्कश वाजला आणि थांबला. मागोमाग छतातून एका बाईचा गोड, शांत आवाज आला : ‘इमारतीत आगीची सूचना मिळाली आहे. आपण आहात तेथेच थांबा.’ मी चपला शोधू लागलो. भाचा हसून म्हणाला, “मामा, बसा. मॉक ड्रिल आहे.”

चहा घेता घेता त्याने मला समजावून सांगितले. उंच इमारतीतले सगळे लोक एकदम निघाले तर जिने तुंबतात. म्हणून जेथे धूर आहे तो मजला आणि त्याच्या लगतचे मजले आधी रिकामे करायचे. बाकीच्यांना थांबवून ठेवायचे. एकाच क्षणी तीच बाई एका मजल्याला ‘निघा’ म्हणते, दुसऱ्याला ‘थांबा’. नुसत्या घंटेने माणूस जागचा हलत नाही, हेही खरेच. (शाळेची घंटा मात्र सुटीची असावी लागते!) इंग्लंडात न्यूकॅसलच्या एका भुयारी स्थानकात प्रू आणि साइम या संशोधकांनी हे पडताळून पाहिले, 1991 साली ते प्रसिद्ध झाले. घंटा वाजली तेव्हा उतारू रेंगाळत राहिले. काय झाले, कोणीकडे जायचे, हे शब्दांत सांगितले तेव्हा भराभर बाहेर पडले.

म्हणजे माणसे शब्दावर विसंबतात. माझे मन अडले ते येथेच.

2001 सालच्या 11 सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधील उत्तर मनोऱ्यावर सकाळी 8:46 ला विमान आदळले. शेजारच्या दक्षिण मनोऱ्यातले लोक जिने उतरू लागले. तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले की, ही इमारत सुरक्षित आहे, आपापल्या कचेरीत परत जाण्यास हरकत नाही. कित्येक जण माघारी वळले. 9:03 ला दुसरे विमान त्याच मनोऱ्यावर आले.

सांगणारा खोटारडा नव्हता. बाहेर वरून ढिगारा कोसळत होता. लोकांना आत ठेवण्यात त्याला त्यांचे हितच दिसले असेल. खोटे बोलू नये, हे आपण मुलांना पहिलीपासून घोकायला लावतो. पण जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखे सांगणे, याला काय म्हणावे? ‘अजून नक्की कळलेले नाही’ म्हटले तर म्हणे घबराट होते. होत असेलही. पण जिन्यावर उभ्या असलेल्या माणसाचा निर्णय आपण त्याच्या हातून काढून घेतो, त्याचे काय?

दुसऱ्याला बोल लावणे सोपे आहे. काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात निबंधाचा तास चालू असताना जळका वास आला. आमचा जिना लाकडी, अरुंद. “काही नाही, लिहा,” मी म्हणालो. शिपाई येऊन सांगेपर्यंत दहा मिनिटे गेली; खाली खिचडी करपली होती. वर्ग खदखदून हसला, मीही हसलो.

वह्या गोळा करताना शेवटच्या बाकावरची एक मुलगी दप्तर छातीशी धरून बसलेली दिसली. तिचे पान कोरे होते.

“सर, तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं तर,” मी म्हणालो.