धर्म हा चल आणि श्रद्धेची मोजपट्टी

जो गुणधर्म व्यक्तीगणिक बदलतो त्याला संख्याशास्त्रात चल म्हणतात आणि त्याच्या नोंदींच्या संचाला विदा किंवा डेटा. वय, उंची, उत्पन्न हे चल आहेत याविषयी वाद नाही. माणसाचा धर्मही त्याच अर्थाने चल आहे का, हा प्रश्न मात्र गणितापुरता राहत नाही.

2011 च्या जनगणनेत प्रगणकाने धर्माचे नाव पूर्ण लिहून शेजारच्या चौकटीत संकेतांक भरायचा होता: हिंदू 1, मुस्लीम 2, ख्रिश्चन 3, शीख 4, बौद्ध 5, जैन 6. इतर धर्मांचे फक्त नाव लिहायचे, अंक द्यायचा नाही. हे आकडे म्हणजे निव्वळ खुणा. एक हिंदू आणि एक बौद्ध यांची सरासरी 3 येते, म्हणून ती ख्रिश्चन ठरत नाही. अशा गुणात्मक, नाममात्र चलात मोजणी करता येते, टक्केवारी काढता येते, बहुलक सांगता येतो; बेरीज-सरासरीला अर्थ नसतो. एस. एस. स्टीव्हन्स यांनी 1946 मध्ये मोजपट्ट्यांचे नाममात्र, क्रमवाचक, अंतर आणि गुणोत्तर असे चार प्रकार मांडले, त्यांतला हा पहिला.

पण खूण म्हणजे क्षुल्लक गोष्ट नव्हे. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात 1951 साली बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आसपास होती. 1961 साली ती सुमारे 28 लाख झाली. मध्ये 14 ऑक्टोबर 1956 चा नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा होता. लाखो लोकांनी जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय त्या रकान्यात उमटला. नाममात्र चलाचे खरे सामर्थ्य हेच: तो श्रद्धा किती खोल हे सांगत नाही, माणूस स्वतःला काय म्हणवतो ते सांगतो. अर्थात त्यासाठी रकाना असावा लागतो. झारखंडमधील सरना धर्मीयांची स्वतंत्र संकेतांकाची मागणी म्हणूनच रास्त वाटते.

श्रद्धा किती, असे विचारले की क्रमवाचक चल येतो. ‘धर्म तुमच्यासाठी फार महत्त्वाचा, काहीसा महत्त्वाचा की बिनमहत्त्वाचा?’ या उत्तरांना चढता-उतरता क्रम आहे, पण दोन पायऱ्यांमधले अंतर सारखे आहे असे मानायला आधार नाही.

संख्यात्मक चल त्याहून नेमका असतो. एखाद्याने किती वाऱ्या केल्या, हा खंडित चल. आळंदीहून पंढरपूरकडे तो किती चालला, हा सलग चल. तपमानाच्या सेल्सिअस पट्टीवरचे शून्य सोयीसाठी ठरवलेले असते, म्हणून 40 अंश हे 20 अंशांच्या दुप्पट उष्ण नव्हे. वाऱ्यांचे शून्य खरे आहे, म्हणून वीस वाऱ्या दहांच्या दुप्पट. भक्ती मात्र दुप्पट झाली असे म्हणता येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वारकऱ्याची त्या वर्षीची नोंद शून्यच येईल. कृती मोजली गेली, तिच्यामागचा भाव नाही.

श्रद्धेचे शून्य तर कुठे धरायचे हेच ठरलेले नाही. प्यू संशोधन केंद्राने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील पाहणीत सुमारे एक तृतीयांश बौद्धांनी आपण ईश्वर मानत नसल्याचे सांगितले. ईश्वरावरील विश्वास हीच मोजपट्टी धरली तर त्यांची नोंद शून्यावर पडते. पण निर्माता ईश्वर बौद्ध धम्माच्या केंद्रस्थानी कधीच नव्हता. दोष त्यांच्या श्रद्धेत नाही, पट्टी आखणाऱ्याने धर्माची जी व्याख्या आधीच गृहीत धरली तिच्यात आहे.