शमुवेलाचा लहान झगा

(१ शमुवेल २:१९)



उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे मंडळ्यांच्या बालशिबिरांचे दिवस येतात. चार-पांच रात्री मूल आईबापांवांचून, परक्या छपराखालीं, अनोळखी मुलांच्या रांगेंत निजणार, म्हणून घरोघरीं पेट्या भरल्या जातात. पेटींत काय घालावें हें सर्वांस ठाऊक आहे. मुलाच्या मनाची तयारी कशी करावी, हें हन्नेकडे पाहून शिकावें.

हन्नेनें नवस केला होता, तरी तिनें घाई केली नाहीं. एलकाना व घरचीं माणसें वार्षिक यज्ञासाठीं शिलोस निघालीं, तेव्हां मुलाचें दूध तुटेपर्यंत ती घरींच राहिली. देवाला दिलेलें मूलसुद्धां योग्य वेळ येईपर्यंत तिनें जवळ ठेवलें. तर मग ज्याला आईचा पदर धरल्यावांचून झोंप येत नाहीं, त्याला एकदम शिबिरास धाडूं नये. आधीं एक रात्र मावशीकडे, मग दोन रात्री आजोळीं निजवावें. आपलें ताट घांसणें, चादरीची घडी घालणें, रात्रीं विजेरी घेऊन एकट्यानें मोरीपर्यंत जाणें, हें सर्व महिनाभर आधीं घरींच शिकवावें. "रडूं आलें तर लगेच न्यायला येईन," असें वचन मात्र देऊं नये. त्या वचनानें मूल पहिल्याच रात्रीं दाराकडे डोळे लावून बसतें.

आणखी एक गोष्ट आपण वाचतों, पण तिजवर फारसें बोलत नाहीं. शिलो हें परमेश्वराचें स्थान होतें, आणि तेथेंच एलीचे पुत्र हफनी व फिनहास दर्शनमंडपाच्या दाराशीं सेवा करणाऱ्या स्त्रियांशीं दुराचार करीत. स्थान पवित्र म्हणून तेथील प्रत्येक मनुष्य पवित्र, असें शास्त्र कोठेंही सांगत नाहीं. यास्तव संकोच न धरतां विचारा : मुलींच्या खोलींत रात्रीं कोणत्या भगिनी निजतात? मुलांजवळ एकच मोठा माणूस असतो काय? दवाखाना किती दूर आहे? मी स्वतः पाळक आहें, आणि असे प्रश्न करणारा बाप मला उद्धट वाटत नाहीं. बालकांच्या संरक्षणासाठीं २०१२ सालीं पोक्सो कायदा झाला, परंतु मूल बोललें नाहीं तर कायद्याचा हात त्याच्यापर्यंत पोहोंचणें कठीण होतें. म्हणून त्याला सांगा, "कोणी अंगास वावगा स्पर्श केला, आणि घरीं सांगूं नको म्हणाला, तर तो उपदेशक असो कीं गुरुजी असोत, तूं तेथून ऊठ, दुसऱ्या मोठ्या माणसाला सांग, आणि आम्हांसही सांग. आम्ही तुजवर रागावणार नाहीं."

शमुवेल रात्रीं हाक ऐकून तीन वेळां एलीपाशीं धांवत गेला. म्हाताऱ्याला झोंपेंतून उठवण्याची त्याला भीति वाटली नाहीं, आणि एलीनेंही त्याला झिडकारलें नाहीं.

येथें माझी चूक सांगितली पाहिजे. माझा मुलगा नऊ वर्षांचा असतां प्रथम शिबिरास गेला. निघतांना मीं त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, व लागलीच बजावलें, "तूं पाळकाचा मुलगा आहेस, माझें नांव खालीं जाऊं देऊं नको." पहिल्याच रात्रीं त्याचें अंथरूण ओलें झालें. कोणास सांगावें तर बापाचें नांव जाणार! तीन रात्री तो त्याच चादरीवर निजला, व अंगावर पुरळ घेऊन घरीं आला. त्यानें हें आईला सांगितलें, मला नाहीं. शेजारच्या खोलींत मी प्रवचन लिहीत बसलों होतों, तेव्हां तें मला भिंतीआडून ऐकूं आलें.

त्या रात्रीं मीं झग्याचें वचन पुन्हा वाचलें. हन्ना दर वर्षीं नवा झगा नेत असे. मूल वर्षभर दृष्टीआड, तेव्हां तें किती वाढलें असेल, याचा अंदाज ती रामा येथें बसून मनांतच बांधीत असेल. शिलोस जाऊन तिनें पुत्राची परीक्षा घेतली असें लिहिलेलें नाहीं. आपण मात्र परतलेल्या मुलाला आधीं विचारतों, वचनें किती पाठ केलीं, बक्षीस मिळालें काय? झोंप लागली काय, कोणाचें भय वाटलें काय, हें विचारण्याचें राहूनच जातें.

यंदा तो पुन्हा जाणार आहे. त्याच्या आईनें विजारीची दुमड उसवून ती दोन बोटें लांब केली आहे. परवां मीं त्याची पेटी पाहिली, तों तळाशीं एक जास्तीची चादर घडी करून ठेवलेली. "ही कशाला रे?" मीं विचारलें.

"बाबा, एखाद्या लहान मुलाला लागली तर," तो म्हणाला.