साडेअकरा फेरे

22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता आमच्या गल्लीने थाळ्या वाजवल्या. संकटातही कामावर जाणाऱ्यांसाठी म्हणून. तीन दिवसांनी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि त्याच गल्लीने तोंडाशी आडवा बांबू बांधला. सुंभाची गाठ मीच मारली. पुठ्ठ्यावर लिहिलं, 'बाहेरच्यांना प्रवेश बंद'.

नगरपरिषदेच्या दारावर सूचना लागली होती. मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या काळात आलेला 1897 चा साथरोग कायदा आधाराला घेऊन वाचनालय, बाग, व्यायामशाळा, आठवडी बाजार, सगळं बंद. खाली एकच ओळ होती: पाणी, सफाई, दिवाबत्ती सुरू राहील. तेवढी ओळ आम्ही कोणी नीट वाचली नाही.

आमच्याकडे पाणी तिसऱ्या दिवशी येतं. 26 तारखेला पहाटे व्हॉल्व्हमन काका सायकलवर आले. व्हॉल्व्हचा चेंबर गल्लीच्या आत, आणि काका बांबूच्या बाहेर. त्यांच्या वस्तीत मुंबईहून माणसं आली आहेत, अशी बातमी होती. खरी-खोटी कोणी पाहिली नव्हती.

"काका, आत नका येऊ. आम्हीच उघडतो," मी म्हणालो.

त्यांनी वाद घातला नाही. लांब दांड्याची लोखंडी चावी जमिनीवर ठेवली, चार पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "साडेअकरा फेरे. त्यापुढं जोर लावू नका."

आमच्यातल्या एका तरण्या पोराने अकरा मोजले, बारा मोजले, आणि अडकलंय असं वाटून सगळं अंग टाकलं. आत कडकन आवाज झाला. स्पिंडल तुटला होता. चेंबर भरला, पाणी गटाराकडे धावलं, आणि शेवटी टाकीवरूनच लाइन बंद करावी लागली.

दोन दिवस गल्लीत थेंब नाही. दुसऱ्या दिवशी लोक मोटारसायकलवर कॅन बांधून गावच्या विहिरीवर गेले. साबणाने हात धुवा म्हणून सांगणाऱ्या त्या दिवसांत घरात हात धुवायला पाणी नव्हतं. याहून मोठी लाज मला आठवत नाही.

पाणीपुरवठा विभागाला फोन केला. 28 तारखेला काकाच आले. दुकानं बंद, स्पिंडल मिळणार कुठे? ते क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "बागेच्या लाइनला याच मापाचा व्हॉल्व्ह आहे. बाग तर बंदच आहे."

मी बांबूची गाठ सोडायला घेतली. सुंभ दवाने आवळला होता, नखं दुखेपर्यंत सुटेना. शेवटी विळ्याने कापला.

काका चेंबरमध्ये उतरले. पत्र्याच्या डब्याने गाळ उपसला, गंजलेले बोल्ट रॉकेल सोडून सैल केले, बागेतून काढून आणलेला स्पिंडल बसवला. मग ग्लँडमध्ये ग्रीस लावलेली दोरी बोटाने दाबत दाबत भरली, एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा. बोटं काळी झाली होती. तोंडावरचा रुमाल घामाने ओला होऊन चिकटला होता, तरी त्यांनी तो खाली ओढला नाही. आमच्यासाठी. समोरच्या आजींनी पायरीवर तांब्या-भांडं ठेवलं. काका म्हणाले, "असू दे आजी, तुमच्याकडंच पाणी नाही." आणि सायकलला टांगलेल्या आपल्या बाटलीतले दोन घोट घेतले.

1965 च्या नगरपरिषद अधिनियमात पाणीपुरवठा हे नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य आहे. त्या दुपारी ते कर्तव्य गुडघाभर चिखलात वाकून उभं होतं, आणि आम्ही त्यालाच दोन दिवसांपूर्वी बाहेर थांबवलं होतं.

चावी फिरवताना ते ओठांतल्या ओठांत मोजत होते. साडेअकराला हात थांबला. माझ्या अंगणातल्या नळाने आधी हवा फेकली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ.

"काका, तुमच्याकडं कधी येणार?" मी विचारलं.

"आमची वस्ती याच लाइनवर. चढाला, अगदी शेवटी," ते म्हणाले.

म्हणजे हे दोन दिवस त्यांच्याही घरी पाणी नव्हतं, आणि त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नाही.

आमच्या गल्लीत पाणी आलं तेव्हा सहा वाजले होते. काकांच्या वस्तीवर पोचायला त्याला साडेसात झाले.