अर्धं मिनिट सरळ

वडील गेल्यावर कपाट आवरताना एक कापडी पुठ्ठ्याची वही निघते. ब्रिटनमधल्या कितीतरी घरांत असं घडलं आहे. वही म्हणजे वैमानिकाचं लॉगबुक. दुकानदाराच्या रोजमेळासारखं आखलेलं: तारीख, वेळ, विमानाचा क्रमांक, कामगिरी, हवेत काढलेले तास. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्सच्या बॉम्बर विमानांवरची माणसं रात्रीच्या मोहिमा लाल शाईनं लिहीत. शेरा जेमतेम दोन शब्दांचा: ‘ऑप्स, हॅम्बर्ग’. महिनाअखेरीस बेरीज आणि वरिष्ठांची सही.

मुलं आधी लाल ओळी मोजतात. तीस मोहिमा भरल्या की एक पाळी संपे आणि काही महिने सुटका होई. पण तीस भरायच्या कशा? बॉम्बर कमांडच्या, म्हणजे बॉम्बर विमानांच्या या दलाच्या, सुमारे १,२५,००० उडणाऱ्या माणसांपैकी ५५,५७३ मारली गेली; शंभरातली चव्वेचाळीस. हे कळलं की वही हाताला जड लागते. बाबा त्या दिवसांबद्दल का बोलत नसत, याचा उलगडा झाल्यासारखा वाटतो. पोटात गोळा घेऊन काढलेल्या रात्री आणि सकाळी न्याहारीच्या टेबलावर रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या.

उलगडा खरा आहे, पण अर्धा.

लँकॅस्टर या बॉम्बर विमानात सात जण असत. बॉम्ब सोडण्याची कळ सहसा वैमानिकाच्या हाती नसेच. विमानाच्या नाकाडात पालथा पडलेला बॉम्ब-एमर खाली पाहत ‘डावीकडे, आणखी डावीकडे’ असं सांगत जाई आणि वेळ आली की कळ दाबी. टनावारी वजन सुटलं की विमान उसळी घेई. खालून तोफा आणि सर्चलाइटचे झोत. इथून आता निघायला हवं, असं सगळं अंग सांगत असताना वैमानिकाला आणखी सुमारे अर्धं मिनिट विमान सरळ, एका पातळीत ठेवावं लागे. बॉम्बबरोबर सोडलेला प्रकाशगोळा खाली फुटायचा, त्या उजेडात विमानातला कॅमेरा फोटो टिपायचा. नेम कुठे लागला याचा पुरावा तोच.

त्या अर्ध्या मिनिटात बाविशीतल्या त्या पोराची नजर काट्यांवर खिळलेली असे. खालचं शहर तो धड पाहत नसे, कॅमेरा पाहत असे. १९४३च्या जुलैत जर्मनीतल्या हॅम्बर्गवर एका पाठोपाठ एक हल्ले झाले. २७ तारखेच्या रात्री वेगवेगळ्या आगी एकमेकींत मिसळल्या आणि आगीचंच वादळ उठलं. त्या दहा दिवसांत ३५ हजारांहून जास्त माणसं गेली. बायका, मुलं, म्हातारी धरून. लॉगबुकात मात्र २४ जुलैच्या रात्रीची ओळ आणि २७ जुलैच्या रात्रीची ओळ सारखीच दिसते. तीच शाई, तेच दोन शब्द.

म्हणजे बापाच्या मौनाला दोन पदर आहेत. एक, आपलं काय झालं असतं याचा. दुसरा, आपल्या हातून काय झालं याचा. पहिल्याबद्दल मुलं विचारतात, दुसऱ्याला हात लावायला धजत नाहीत. देशानंही वेगळं काय केलं? विजयानंतरच्या भाषणात पंतप्रधान चर्चिल यांनी या बॉम्बफेकीला बगल दिली. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये बॉम्बर कमांडचं स्मारक उभं राहिलं ते २०१२ साली, म्हणजे युद्ध संपल्यावर ६७ वर्षांनी. तोवर वह्या लिहिणारे बहुतेक हात उरलेच नव्हते.

मग मुलानं बापाला आठवायचं कसं? ‘माझे बाबा वीर होते’ म्हणणं सोपं. ‘माझ्या बापानं शहरं जाळली’ म्हणणंही आज फारसं अवघड नाही. दोन्हीकडे चूक एकच होते: विमान वेळेआधी वळवलं जातं आणि फोटो निघत नाही. हिटलरला थांबवणं भाग होतं, ही जमेची बाजू. खालच्या तळघरात गुदमरलेलं मूल, ही खर्चाची. एकीतून दुसरी वजा करून शिल्लक काढायची घाई करू नये. दोन्ही रकान्यांकडे अर्धं मिनिट तरी सरळ बघावं. बापानं ते तोफांच्या माऱ्यात केलं होतं. आपल्याला खुर्चीत बसून करायचं आहे.

ग्रीन पार्कच्या स्मारकात सात हवाई सैनिकांचे पुतळे आहेत. आणि बॉम्बफेकीत मेलेल्या सर्व देशांच्या माणसांची आठवणही तिथेच, त्याच दगडात कोरलेली आहे.