बाळंतिणीचे दुखणे ऐकताना

आपण बाळ पाहायला जातो. बाळंतीण पडून असते. उठून बसले की डोके फुटेल असे दुखते आणि आडवे झाले की उतरते, असे ती सांगते. मग कुणीतरी म्हणतेच, "कमरेत इंजेक्शन कशाला घ्यायचे? कळा देवानेच दिल्या आहेत." बिचारी गप्प बसते.

कळा सोसणे हे खरोखरच देवाचे बंधन आहे का? १८४७ मध्ये स्कॉटलंडच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा धर्माच्या नावाने येणाऱ्या आक्षेपांना त्यांना पुस्तिका लिहून उत्तर द्यावे लागले. पुढे १९५६ मध्ये पोप पायस बारावे यांनी डॉक्टरांसमोर स्पष्ट केले की, हव्वेला शिक्षा करताना देवाने मातांना वेदना कमी करणारे उपाय वापरण्यास मनाई केलेली नाही.

पण उपाय योग्य आहे म्हणून तो निर्धोक ठरत नाही. सिझेरियनसाठी बहुधा स्पायनल भूल देतात, तर कळांसाठी एपिड्युरल. दोन्हींत रक्तदाब उतरू शकतो, म्हणून डॉक्टर त्यावर लक्ष ठेवतात. सुईने पडलेल्या छिद्रातून मज्जारज्जूभोवतीचे पाणी झिरपले तर वर सांगितलेली डोकेदुखी होते. ती बहुधा विश्रांतीने व औषधाने बरी होते. फार तीव्र असेल तर आईचेच थोडे रक्त पाठीत सोडून उपचार करतात. जंतुसंसर्ग किंवा मज्जातंतूला इजा क्वचितच होते, पण ताप आला किंवा पायांतला बधिरपणा उतरला नाही तर तातडीने डॉक्टरांना कळवावे. वर्षानुवर्षांची कंबरदुखी मात्र या इंजेक्शनमुळे होते असे संशोधनात आढळलेले नाही.

हे सारे आईला कधी सांगावे? घाबरेल म्हणून न सांगणे ही दया वाटते, पण त्यामुळे निर्णय तिच्या हातून निसटतो. ऐन कळांमध्ये सांगितले तर तिला विचार करण्याचे भान नसते. म्हणून गरोदरपणातच, शांतपणे सांगावे. मग ती भूल घेवो वा न घेवो, तिच्या श्रद्धेचे माप काढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

यरीहोच्या आंधळ्या बार्तीमयला काय हवे आहे, हे प्रभू येशूने आधी त्यालाच विचारले. पुढच्या वेळी बाळ पाहायला जाल, तेव्हा बाळाच्या आईचीही अशीच विचारपूस करा. आणि ती सांगेल त्यावर विश्वास ठेवा.