तेवढं पुरे

स्वतःसाठी चप्पल घ्यायची तर आम्ही चार दुकानं पालथी घालतो; पण दुसऱ्याचं लग्न, नोकरी नि औषध पाच मिनिटांत ठरवून मोकळे होतो. त्यातून तो दुसरा जर अंध असला, तर आमच्या परोपकाराला बांधच राहत नाही.

आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्यांना दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या एनव्हीडीएच्या मदतीनं ते आमच्यापेक्षा भरभर काम करतात. (हे वाक्य मॅनेजरसाहेबांनी वाचू नये.) त्यांची आई ऐंशीच्या पुढची. तिच्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर टेपून, कापून-जोडून ठेवायच्या होत्या. प्रोग्रॅम कोणता घ्यावा?

डबे उघडले आणि सगळेच तज्ज्ञ झाले. एकानं मोबाईलवर रंगीत पडदा दाखवला, "बघा, आवाजाच्या लाटा किती सुरेख दिसतात!" कोणाला, ते विचारायचं राहून गेलं. दुसरे म्हणाले, "यांना कशाला पसारा? एक बटण चालू, एक बंद. तेवढं पुरे."

हे 'तेवढं पुरे' मात्र मला खटकलं. खातेदाराला काउंटरवर "तुम्हाला पासबुकाचं एकच पान पुरे" म्हणून पाहा! सोपी वस्तू देणं निराळं आणि समोरच्याची गरज आपणच आखूड करणं निराळं. दोन्हींना आपण दयाच म्हणतो, हिशेब तिथंच चुकतो.

वास्तविक आवाजाचं चित्र ही सोय डोळसांची. स्क्रीन रीडरला लाटा वाचता येत नाहीत. त्याला हवं ते एवढंच : प्रत्येक बटणाला बोलता येईल असं नाव, प्रत्येक काम कीबोर्डवरून, आणि आपण ध्वनिफितीत नेमके कुठे आहोत याचा पत्ता. ऑडॅसिटी २००० साली आलं, फुकट आहे. आर दाबलं की मुद्रण सुरू. ऐकता ऐकता चौकोनी कंसांच्या कळांनी दोन टोकं धरायची आणि डिलीट. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, मग घरगुती परवान्याला ६० डॉलर. त्याला ओसारा नावाची फुकट पुरवणी जोडली की ते छान बोलू लागतं. ती सुरू केली जेम्स टेह यांनी. मायकेल करन यांच्याबरोबर एनव्हीडीए उभारणारे तेच. दोघेही अंध. काटा ज्याला रुतला त्यानंच चिमटा घडवला म्हणायचा.

सहकाऱ्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आई दोन ओव्यांच्या मध्ये श्वास घेते. कापताना तो जाणार नाही ना?"

डब्यांचा आवाज थांबला. डोळे मिटून कुणीच काही कापून पाहिलं नव्हतं.

त्यांनी आधी ऑडॅसिटी घेतलं. शिकण्यात महिने घालवायला आईचं वय परवानगी देत नव्हतं. हेडफोन मात्र न चुकता. नाहीतर ओवीच्या ऐन रंगात एनव्हीडीए मध्येच "स्टॉप, बटण" म्हणायचं आणि माईक तेही टिपून घ्यायचा! ओव्या सुखरूप उतरल्या, श्वासासकट.

आता ते रीपर शिकताहेत. जात्याची घरघर वेगळ्या ट्रॅकवर हवी आहे म्हणे.

"एवढं कशाला?" असं 'तेवढं पुरे'वाल्यांनी विचारलंच. विचारताना ते आपल्या मोबाईलचा तिसरा कॅमेरा रुमालानं पुसत होते.